गिनीपिग : वार्धक्य व परिचर्या

स्तनी वर्गाच्या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांच्या गणातील हा प्राणी कॅव्हिइडी कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस असे आहे. त्याचे मूलस्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश होय. तेथील लोकांनी तो मांसासाठी काही हजार वर्षांपूर्वी माणसाळविला व सोळाव्या शतकात तो यूरोपात पोहोचला. प्रौढ प्राण्याचे वजन ७०० ते १,२०० ग्रॅ. असते. आयुर्मान सामान्यतः ५ ते ८ वर्षे असून चौथ्या-पाचव्या वर्षानंतर वार्धक्याच्या खुणा दिसू लागतात.

मानवी वैद्यकावर या प्राण्याचे मोठे ऋण आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षय रोगाचे जंतू सिद्ध करताना गिनीपिगांचा उपयोग केला. होल्स्ट व फ्रलिक यांनी १९०७ मध्ये नॉर्वेत गिनीपिगांत स्कर्व्ही हा रोग कृत्रिम रीत्या उत्पन्न केला व त्यातून क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची लस स्वतःला टोचून घेण्यापूर्वी तिची परीक्षा गिनीपिगांवर केली होती. तथापि प्रयोगशाळेतील प्राणी बहुधा तरुण वयातच कामी येतात. त्यामुळे ज्याच्या शरीरावर एवढे संशोधन झाले, त्याच्या म्हातारपणाविषयीचे ज्ञान मात्र मुख्यतः घरी पाळलेल्या प्राण्यांवरील उपचारांतूनच अलीकडे मिळत गेले आहे.

प्रादेशिक परिस्थिती : रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील रसायनीसारख्या औद्योगिक वसाहतीत व लगतच्या कर्जत भागात गिनीपिग पाळणाऱ्यास हवामानाचा विचार प्रथम करावा लागतो. या प्राण्यास १८° ते २४° से. तापमान मानवते. २७° से.च्या वर तो अस्वस्थ होतो व त्याहून अधिक उष्णतेत, विशेषतः हवा दमट असल्यास, उष्माघाताने दगावू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान या मर्यादेच्या बरेच वर जाते. पावसाळ्यात साठविलेल्या गवताला बुरशी येते आणि ओल्या बिछान्यामुळे तळपायांस जखमा होतात. हा भाताचा प्रदेश असल्याने पेंढा मुबलक मिळतो. पण तो निकृष्ट आहार होय. चांगले वाळलेले, हिरवट व सुवासिक गवत बाहेरून आणून उंच व हवेशीर जागी ठेवणे आवश्यक असते.

वार्धक्यातील विकार : गिनीपिगाचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात व गवत चघळल्यानेच ते झिजतात. झीज विषम झाल्यास खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमानीसारख्या येतात. प्राणी अन्नाजवळ जातो, पण खाऊ शकत नाही. मूतखडा, हृदयविकार, फुप्फुसशोथ, सांध्यांचा दाह व अर्बुदे हे या वयातील अन्य नेहमीचे विकार होत. वयस्क मादीत अंडकोशात द्रवयुक्त गाठी होऊन दोन्ही कुशींवरील केस गळतात. वृद्ध नरात गुदद्वाराजवळील स्नायू शिथिल होऊन तेथे मल साचतो व तो वरचेवर हाताने काढावा लागतो.

मनुष्याप्रमाणेच गिनीपिगाचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. दर किग्रॅ. वजनास रोज १० ते ३० मिग्रॅ. एवढी त्याची गरज असून आजारपणात ती वाढते. तयार खाद्यातील व पिण्याच्या पाण्यात मिसळलेले हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. म्हणून ते ताज्या पदार्थांतून किंवा थेट तोंडावाटे द्यावे. ढोबळी मिरची व कोथिंबीर नित्य देण्यास योग्य होत. आवळा व पेरू यांत हे जीवनसत्त्व विपुल असल्याने त्यांची लहानशी फोड पुरते. शेवग्याचा पाला व लसूणघास यांत कॅल्शियम जास्त असल्याने मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्या प्राण्यास ती देऊ नयेत.

लक्षणे व निदान : निसर्गात भक्ष्य ठरणारा हा प्राणी दुखणे लपवितो व ते दिसू लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून दर आठवड्यास, आजारपणात रोज, ठराविक वेळी वजन करून लिहून ठेवणे हा सर्वांत विश्वसनीय उपाय होय. वजनात दहा टक्क्यांची घट ही गंभीर सूचना समजावी. लेंड्या लहान वा कमी होणे, लाळेने हनुवटी ओली राहणे, केस पिंजारणे, पाठीला पोक काढून बसणे, लघवीत रक्त येणे व श्वासाबरोबर आवाज होणे या अन्य खुणा होत.

तोंड अरुंद असल्याने मागील दाढा साध्या तपासणीत नीट दिसत नाहीत. क्ष-किरण, लघवी व रक्त यांची तपासणी आणि श्राव्यातीत ध्वनीने पोटाची तपासणी करून बरेचसे विकार ओळखता येतात. मात्र लहान देहातून थोडेच रक्त घेता येते, वृद्ध प्राण्यास भूल देणे धोक्याचे असते आणि एकाच वेळी दोन-तीन विकार असू शकतात. त्यामुळे सर्व तपासण्यांनंतरही कारण अज्ञात राहणे असंभवनीय नाही. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत नेताना प्रवास पहाटे किंवा सायंकाळी करावा व सोबतचा जोडीदार बरोबर ठेवावा.

परिचर्या : कारण कळले नाही म्हणून उपचार थांबवावेत असे नाही. गिनीपिगाचे आतडे सतत अन्न मिळण्यावर अवलंबून असते; बारा ते चोवीस तास उपाशी राहिल्यास त्याची हालचाल मंदावते व मूळ दुखण्याआधी उपासच प्राण घेतो. म्हणून तंतुमय खाद्याची पूड कोमट पाण्यात कालवून ती सुई नसलेल्या पिचकारीने, गालाच्या बाजूने, थोडी थोडी, दिवसातून अनेक वेळा भरवावी. घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. वेदनाशामक औषध, द्रवपुरवठा व क जीवनसत्त्व पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. पेनिसिलीन, अँपिसिलीन व क्लिंडामायसीन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपकारक सूक्ष्मजंतू नष्ट होऊन मृत्यू येऊ शकतो. यास्तव माणसांसाठी किंवा कुत्र्या-मांजरांसाठी आणलेले औषध परस्पर देणे घातक ठरते.

पिंजऱ्यात चढ-उतार नसावा, बिछाना मऊ व कोरडा असावा आणि अन्न-पाणी दोन पावलांवर असावे. मूत्रातील अमोनियाने फुप्फुसांस इजा होते, यामुळे तो रोज स्वच्छ करावा. गिनीपिग समूहप्रिय असल्याने, रोग सांसर्गिक असल्याचा संशय नसल्यास, जोडीदारापासून त्यास वेगळे करू नये.

अखेरचा निर्णय : कारण अज्ञात असताना पशुवैद्याशी बोलून उपचारांची मुदत आधीच ठरविणे इष्ट असते. त्या मुदतीत वजन स्थिरावले व प्राणी आपणहून गवत खाऊ लागला, तर परिचर्या चालू ठेवावी. पूर्ण बरे न होताही असे प्राणी काही महिने सुखाने जगू शकतात. याउलट भरवूनही वजन घटत राहिले, श्वासास कष्ट पडू लागले किंवा प्राणी जोडीदाराकडे व आवडत्या खाद्याकडेही वळेनासा झाला, तर पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देणे हीच दया ठरते. मृत्यूनंतर शवविच्छेदन केल्यास अज्ञात राहिलेले कारण पुष्कळदा समजते व मागे राहिलेल्या जोडीदाराच्या रक्षणास त्याचा उपयोग होतो.