धक्का शोषणारा बंपर आणि शोधाची कसोटी

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि तंत्रनिकेतनांतून दरवर्षी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची प्रदर्शने भरतात. अशा एखाद्या प्रदर्शनाची कल्पना करावी. एका टेबलावर मोटारीच्या मागील बाजूस बसवावयाच्या, धक्का शोषून घेणाऱ्या बंपरचा नमुना मांडला आहे. लोखंडाची आडवी पट्टी, तिच्या मागे दोन स्प्रिंगा, त्यांच्यामध्ये रबराचे ठोकळे. विद्यार्थी येणाऱ्याजाणाऱ्यास त्याची रचना उत्साहाने समजावून देत आहेत. परीक्षक प्रसन्न होतात आणि समारोपाच्या भाषणात प्रमुख पाहुणे म्हणतात, "मुलांनो, याचे पेटंट घ्या!" टाळ्या पडतात. त्या टाळ्यांच्या गजरात एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही. ती ही की, पेटंट मिळण्याजोगे काही त्या नमुन्यात असलेच, तर ते मिळण्याचा मार्ग त्या प्रदर्शनानेच बहुधा त्या दिवशी बंद करून टाकला आहे.

पेटंटाविषयी आपल्या सुशिक्षित समाजात दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना वाटते की, हाताने बनविलेली कोणतीही उपयुक्त वस्तू पेटंटास पात्र असते. दुसऱ्या काहींना वाटते की, हा प्रांत बड्या कंपन्यांचा असून सामान्य कारागिराचे तेथे काही काम नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि बंपरसारख्या साध्या वस्तूच्या उदाहरणाने ते चांगले स्पष्ट होते.

बंपरचे काम

बंपर करतो काय, हे आधी पाहिले पाहिजे. सुमारे १००० किलो वजनाची मोटार ताशी ८ किलोमीटर वेगाने मागे येऊन भिंतीवर आदळली, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे २५०० ज्यूल भरते. ती मोटार १ सेंटिमीटर अंतरात थांबली, तर आघाताचा सरासरी जोर सुमारे २५ टन वजनाइतका होतो. तीच ६ सेंटिमीटरांत थांबली, तर तो ४ टनांच्या आसपास येतो. म्हणजे थांबण्याचे अंतर वाढविणे हे बंपरचे पहिले काम. दुसरे काम असे की, शोषलेली ऊर्जा त्याने परत फेकता कामा नये. नुसती स्प्रिंग दाबली जाते आणि लगेच उसळते. म्हणून ऊर्जेचे उष्णतेत किंवा कायमच्या चेपण्यात रूपांतर करावे लागते. तेलाने भरलेल्या नळकांड्यांतील दट्ट्ये, चेपणाऱ्या धातूच्या पेट्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ रचना, कृत्रिम फोम हे सर्व उपाय त्यासाठीच योजले गेले.

अमेरिकेत १९७३ सालच्या मोटारींपासून सरकारी नियम लागू झाला. ताशी ५ मैलांच्या धडकेत पुढच्या बाजूची आणि अडीच मैलांच्या धडकेत मागच्या बाजूची महत्त्वाची उपकरणे शाबूत राहिली पाहिजेत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी मागच्या बंपरलाही ५ मैलांची अट आली. १९८२ साली ती पुन्हा सैल करून अडीच मैलांवर आणली गेली. या नियमामुळे त्या काळात बंपरविषयीच्या शोधांची आणि पेटंटांची मोठी रास पडली. आज येथे कोणी नवा बंपर केला, तर त्याची तुलना शेजारच्या गॅरेजातील बंपरशी होत नाही, तर जगभरातील या सर्व राशीशी होते, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांनी मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या त्याच मोटारीची ऊर्जा ताशी ८ किलोमीटरच्या तुलनेत सुमारे ५६ पट असते. बंपरने अपघाताचा धक्का पूर्णपणे नाहीसा होतो, असा दावा करणारा अर्ज म्हणूनच टिकत नाही. निसर्गनियमांशी उघड विसंगत असणारी गोष्ट शोध मानली जाणार नाही, असे आपल्या कायद्याच्या कलम ३ मध्येच म्हटले आहे.

कायद्याच्या तीन अटी

स्वातंत्र्यानंतर पेटंटाचा जुना, १९११ सालचा कायदा बदलण्याचा विचार सुरू झाला. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली आपला अहवाल दिला, त्याच्या आधारे १९७० चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. पुढे त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. यंत्रांच्या शोधांसाठी पूर्वी असलेली १४ वर्षांची मुदत आता २० वर्षांची आहे. परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही. पेटंट, म्हणजे आपल्या परिभाषेतील एकस्व, हे बक्षीस नसून एक सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती लोकांपुढे पूर्णपणे उघड करावयाची आणि त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला काही वर्षे तिच्यावर अनन्य हक्क द्यावयाचा.

या सौद्यास तीन अटी आहेत. वस्तू नवी असली पाहिजे, तिच्यात शोधक बुद्धीचे पाऊल पुढे पडलेले असले पाहिजे आणि ती उद्योगात वापरता आली पाहिजे. तिसरी अट बंपर सहज पुरी करतो. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या अटीची. त्या विषयातील जाणत्या कारागिराला जे सहज सुचले असते, त्याला कायदा शोध मानत नाही. ज्ञात साधने नुसती शेजारीशेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले नेहमीचेच काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तोही शोध नव्हे. आपल्या टेबलावरील नमुन्यात स्प्रिंग स्प्रिंगचे आणि रबर रबराचेच काम करीत असेल, तर तो विद्यार्थ्यांच्या कौशल्याची साक्ष देईल. पेटंट मात्र देणार नाही.

हे कोणास कठोर वाटेल. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हाच दंडक घालून दिला. खटला होता मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातील. चरकावर भांडे फिरवून घासताना ते निसटून उडे आणि कामगारांना इजा होण्याचा धोका असे. भांडे घट्ट धरून ठेवणाऱ्या एका सुधारित साधनास १९५१ साली पेटंट मिळाले होते. त्या साधनामुळे काम सुरक्षित आणि जलद होते, असे पेटंटधारकाचे म्हणणे होते. तरीही न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरविले. माहीत असलेल्या वस्तूत केलेली सुधारणा ही कारखान्यातील नेहमीच्या सुधारणेहून काही अधिक असली पाहिजे, असा त्या निकालाचा इत्यर्थ आहे. सुरक्षिततेचा हेतू कितीही स्तुत्य असो, हेतूला पेटंट मिळत नाही.

मग शोध कशाला म्हणावे?

याचे उत्तर मोटारींच्याच इतिहासात सापडते. मोटार जितकी कणखर तितकी सुरक्षित, अशी एके काळी समजूत होती. डायम्लर-बेन्झ कंपनीतील अभियंता बेला बारेन्यी याने ती उलटी केली. प्रवाशांची मधली खोली भक्कम ठेवावी, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपेल असाच करावा, ही त्याची कल्पना. १९५० च्या दशकाच्या आरंभी तिला जर्मनीत पेटंट मिळाले आणि १९५९ साली ती प्रत्यक्ष मोटारीत उतरली. पत्रा तोच, पोलाद तेच; परंतु सर्वांनी धरलेल्या समजुतीच्या विरुद्ध दिशेने टाकलेले ते पाऊल होते.

दुसरे उदाहरण आसनपट्ट्याचे. व्होल्वो कंपनीचा निल्स बोलिन याच्या तीन टेकांच्या पट्ट्यास अमेरिकेत १९६२ साली पेटंट मिळाले. खांदा आणि कंबर यांना एकत्र आवळणारे पट्टे त्याआधीही होते. अमेरिकेत १९५५ सालीच अशा एका पट्ट्यास पेटंट मिळालेले होते. बोलिनने "पट्टा" या कल्पनेवर हक्क सांगितला नाही. पट्टा कोठे बांधावयाचा, त्याची टोके किती खाली घ्यावयाची, एकाच हाताने तो कसा लावता यावा, या नेमक्या रचनेवर त्याने हक्क सांगितला. मागणी अरुंद होती, म्हणून ती टिकली. बंपरच्या शोधकानेही हेच ध्यानात घ्यावे. "धक्का शोषणारा बंपर" एवढ्या ऐसपैस शब्दांत हक्क मागणारा हात हलवीत परत येईल. उलट, एका विशिष्ट जोडणीमुळे लहान धक्क्यात बंपर पूर्ववत होतो आणि मोठ्या धक्क्यात ठरलेल्या क्रमानेच चेपतो, आणि हा परिणाम सुट्या भागांच्या बेरजेहून वेगळा आहे, असे जो आकड्यांनिशी दाखवील, त्याला आशेस जागा आहे.

पेटंट मिळाले म्हणजे सर्व मिळाले, असेही नव्हे. पुण्याची बजाज ऑटो आणि तमिळनाडूतील टीव्हीएस या कंपन्यांमध्ये दोन स्पार्क प्लगांच्या इंजिनावरून २००७ साली वाद उभा राहिला. असे तंटे लवकर निकालात काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले. तरीही तडजोड झाली ती २०१९ साली. बड्या कंपन्यांना बारा वर्षे परवडतात, कारागिराला परवडत नाहीत. म्हणूनच त्याने आरंभीच आपली मागणी मोजकी आणि चोख ठेवली पाहिजे. शिवाय पेटंट हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. बंपर खरोखर किती धक्का सोसतो, हे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतील चाचणीच सांगू शकते.

प्रदर्शनाची घाई

आता पुन्हा त्या टेबलाकडे येऊ. अर्ज करण्यापूर्वी शोध लोकांपुढे आला, तर त्याचे नावीन्य संपते, असा सामान्य नियम आहे. केंद्र सरकारने अधिसूचनेने मान्य केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध यांना कलम ३१ ने १२ महिन्यांची सवलत दिली आहे. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन त्यात बसत नाही. वृत्तपत्रात छायाचित्रासह आलेली कौतुकाची बातमीही घातकच ठरू शकते.

यावर उपाय अवघड नाही. कायद्यात तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करण्याची सोय आहे. शोधाचे स्वरूप त्यात लिहून दिले की, ती तारीख आपली होते आणि पूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात. अर्ज आधी आणि प्रदर्शन नंतर, एवढा क्रम पाळला तरी पुरे. शिक्षणसंस्थांसाठी २०२१ साली शुल्कातही ८० टक्के कपात झाली आहे. आणि नावीन्य केवळ बंपरच्या आकारात, दिसण्यात असेल, तर पेटंटाच्या मागे न लागता २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी. मात्र तेथेही प्रसिद्धीपूर्वीच अर्ज करावा लागतो.

सुरक्षिततेच्या साधनावर मक्तेदारी असावीच का, असा प्रश्न काहीजण विचारतील. प्रश्न रास्त आहे. व्होल्वोने आपला पट्टा इतर कारखानदारांना मुक्तपणे वापरू दिला, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि सांगितली जावी. आपल्या कायद्यातही नुसती आयातीची मक्तेदारी भोगण्यासाठी पेटंट दिले जात नाही, असे स्पष्ट म्हटले असून लोकांची वाजवी गरज भागली नाही तर तीन वर्षांनंतर सक्तीचा परवाना देण्याची तरतूद आहे. पण दान करावयाचे तरी ते आपले असावे लागते. अजाणतेपणी हातून निसटलेल्या गोष्टीला दान म्हणत नाहीत.

म्हणून प्रकल्पांचे मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती आहे. नमुना तयार झाला की, विद्यार्थ्यांना आधी जुन्या पेटंटांची दफ्तरे चाळावयास लावावीत. ती आता घरबसल्या पाहता येतात. आपल्या आधी किती जणांनी याच भिंतीवर डोके आपटले आहे, हे कळले की पोकळ अभिमान गळतो. त्यातूनही जे शिल्लक उरेल, तेवढेच आपले. ते थोडे असेल, पण खरे असेल. आणि ते कागदावर उतरून त्यावर तारीख पडेपर्यंत टाळ्यांना थोडे थांबवावे.