निनावी दुनळी बंदुकीचा निर्माता व काळ : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात मालगुजारी, तलाव व जंगल यांच्याबरोबरच बंदुकीलाही स्थान आहे. मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली, तर १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे मालकी हक्क संपुष्टात आले. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य घोषित झाले आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीचे युग संपले. शस्त्रे मात्र वारसाहक्काने पुढील पिढीकडे येत राहिली. अशा एखाद्या दुनळी बंदुकीवर निर्मात्याचे नाव नसल्यास तिचा काळ व उगम कसा ठरवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रश्नाचे कायदेशीर स्वरूप

हा प्रश्न केवळ संग्राहकाच्या जिज्ञासेचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकता वा हस्तांतरित करता येत नाही. इतकेच नव्हे, तर असे शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती चिन्हे नष्ट केली असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणून 'निनावी' हा शब्द वापरण्यापूर्वी शस्त्राची पूर्ण तपासणी होणे आवश्यक ठरते.

चिन्हे कोठे आढळतात ?

पुष्कळदा नाव नसते, पण चिन्हे असतात. ती दर्शनी भागावर नसून नळ्यांच्या खालच्या सपाट पृष्ठभागावर, म्हणजे नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्यावरच दिसतात. ही बहुधा चाचणीगृहाची चिन्हे होत. नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू भरून ती उडवून पाहावयाची व टिकल्यास ठसा मारावयाचा, अशी ही पद्धत आहे. लंडनच्या तोफकार संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले.

या ठशांचे नियम वेळोवेळी बदलले, हीच गोष्ट काळनिश्चितीस उपयुक्त ठरते. इंग्लंडमध्ये 'नॉट फॉर बॉल' ही अक्षरे १८७५ ते १८८७ या काळातील चोक नळ्यांवर आढळतात. १९०४ नंतर धूरविरहित दारूच्या चाचणीचे 'एनपी' हे मुकुटयुक्त चिन्ह दिसते. १९५४ च्या नियमांनंतर दाब टनांत नोंदविला जाऊ लागला. बेल्जियममधील लिएज येथील लंबगोलातील 'ईएलजी' या अक्षरांवर १८९३ पासून मुकुट आला, तर १९२२ पासून वर्षदर्शक अक्षरही मारले जाऊ लागले.

रचनेवरून अनुमान

ठसे झिजलेले असल्यास रचना साहाय्यास येते. टोपीने पेटणारी ठासणीची बंदूक ही काडतुसाच्या बंदुकीपूर्वीच्या तंत्राची प्रतिनिधी आहे. वरच्या कळीने उघडणाऱ्या बंदुकीत पर्डेचा १८६३ चा तळखिळा असू शकतो. बाह्य घोडे नसलेली अँसन-डीली रचना १८७५ ची आहे. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते. येथे एक नियम पाळावा लागतो : सर्वांत अर्वाचीन मूळ वैशिष्ट्य बंदुकीची केवळ पूर्वमर्यादा सांगते, उत्तरमर्यादा नव्हे. घोड्यांच्या बंदुका घोडाविरहित रचना आल्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिल्या. शिवाय दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी झाल्यास नवा ठसा जुन्या बंदुकीवर येतो. त्यामुळे एकच पुरावा निर्णायक मानू नये.

निर्माता की विक्रेता ?

बर्मिंगहॅममध्ये नळी, यंत्रणा व दस्ता हे भाग स्वतंत्र कारागीर बनवीत व तयार बंदुकीवर विक्रेत्याचे नाव कोरले जाई. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या पेढ्यांची नावेही याच अर्थाने वाचावी लागतात. ज्यावर ते नाव आहे ती बंदूक त्या पेढीने स्वतः घडविली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. नळीखालची आद्याक्षरेदेखील अनेकदा नळीकाराची असतात. तेव्हा निर्माता निश्चित न होणे हे अपयश नसून त्या उद्योगाच्या श्रमविभागणीचे फलित आहे. काळ व चाचणीचे स्थान मात्र सामान्यतः ठरविता येतात.

तपासणीतील दक्षता

प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. नळ्या वेगळ्या करण्याचे काम परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीकाराकडूनच करवून घ्यावे. गंज काढण्यासाठी पॉलिश-कागद घासू नये. त्याने अस्पष्ट ठसा कायमचा नाहीसा होतो आणि वर उल्लेखिलेले कायदेशीर गृहीतक मालकाविरुद्ध बळावते. तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घेणे अधिक हितावह. काळ्या दारूसाठी चाचणी झालेल्या दमास्कस नळ्यांतून आधुनिक काडतूस उडविणे जिवावर बेतू शकते. कलम ४५ मधील जुन्या शस्त्रांची सूटही, दुरुस्ती करूनदेखील अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशाच शस्त्रांपुरती आहे; केवळ वय जास्त असल्याने परवान्याची गरज संपत नाही.

निष्कर्ष

ठसे, रचना व परवान्याची जुनी कागदपत्रे यांचा मेळ घातल्यास निनावी बंदूक कोणत्या दशकातील व कोठे तपासली गेली हे बव्हंशी सांगता येते. जिल्ह्यातील मालगुजारी घराण्यांच्या इतिहासलेखनात अशी नोंद दस्तऐवजाइतकीच मोलाची ठरेल. आणि ठसे वेळीच नोंदविले गेल्यास त्या घराण्यांच्या आजच्या वारसांनाही आपली बाजू पुराव्यानिशी मांडता येईल.