खेळाचं कपाट

मैत्रिणींनो, ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द वाचून तुम्ही पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. मुलांच्या हातातला मोबाईल सोडवता सोडवता आपण मेटाकुटीला आलेल्या, आणि ही बाई घरात आणखी एक यंत्र आणा म्हणते! पण जरा थांबा. मी म्हणते ते यंत्र पांघरुणात घेऊन झोपता येत नाही. ते चांगलं पाच फुटी कपाट आहे. त्याच्यापुढे उभं राहून, चारचौघांच्या देखत खेळायचं आणि आपला डाव संपला की बाजूला व्हायचं. आमच्या मसोलीच्या घरी ते गेल्या दिवाळीपासून उभं आहे. विकत आणलेलं नाही. घरातला जुना संगणक, दीड शीट प्लायवुड आणि सुताराची चार दिवसांची मजुरी, यांत झालेलं आहे.

पस्तिशी-चाळिशीतल्या वाचकांना अशी कपाटं आठवत असतील. नव्वदच्या दशकात स्टेशनजवळच्या एखाद्या गाळ्यात ती ओळीनं मांडलेली असत. नाणं टाकायचं आणि खेळायचं. माझं माहेर वसईचं. रविवारी पानं वाढली की आई मला भावाला बोलावून आणायला पिटाळायची. गाळ्याला पडदा असे. मी बाहेरूनच हाक मारायची, कारण आत मुली जात नसत. ‘मुलींना मज्जाव’ अशी पाटी नव्हती काही. पण जात नसत, एवढं खरं. पडद्याच्या फटीतून मुलग्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या आणि ‘मुस्तफाला घे रे, मुस्तफाला!’ असा कल्ला ऐकू यायचा. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो 1993 साली काढला. त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा, म्हणून आपल्याकडे सगळा खेळच ‘मुस्तफा’ झाला. तिघांना एका वेळी खेळता येई, म्हणजे एकाचा जीव गेला तरी बाकीचे दोघे त्याला घरी जाऊ देत नसत. वरण निवायचं ते त्यामुळे.

गंमत अशी, की या कपाटांच्या कारखानदारांनाही बायका येत नाहीत याची खंत होती. 1978 साली तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ जपानमध्ये तुफान चालला. मग जो तो गोळ्या झाडण्याचेच खेळ काढू लागला आणि गाळे पुरुषांनी भरले. तेव्हा नाम्को कंपनीतल्या तोरू इवातानी या पंचविशीतल्या तरुणानं ठरवलं, की मुलींना आणि जोडप्यांना यावंसं वाटेल असा खेळ करायचा. बायकांना काय आवडतं? खायला! असा विचार करून त्यानं 1980 साली ‘पॅक-मॅन’ काढला. एक पिवळा गोल तोंड उघडून ठिपके खात सुटतो आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. हे प्रथम वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला. बायकांचं डोकं म्हणजे खाण्यापिण्यापलीकडे नाहीच का? पण खेळून पाहिलं आणि राग गेला. कुणाला ठार मारायचं नाही, नुसतं पाठलाग चुकवत आपलं ताट संपवायचं. हे काम आपल्या ओळखीचं आहे.

तर आमच्याकडचा संगणक भंगारात निघाला होता. लेकीचा अभ्यास आता लॅपटॉपवर होतो. आमच्या ह्यांनी कुठंतरी वाचलं, की जुन्या संगणकावर असे खेळ झकास चालतात आणि त्याला कपाट करता येतं. ह्यांचे डोळे लगेच चमकले. ते त्या पडद्याच्या आतले. सासऱ्यांनी मात्र साफ सांगितलं, “घरात अड्डा नको.” त्यांचंही चूक नव्हतं. त्या गाळ्यांत पैशांवर डाव लागत, अशी ओरड तेव्हा होतीच. कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली असे गाळे परवान्याच्या नियमांखाली आणायला मान्यता दिली होती. मी त्यांना एवढंच म्हटलं, “बाबा, आपल्या कपाटाला नाण्याची फटच ठेवायची नाही.” हौशी लोक मुद्दाम तशी फट करून घेतात, पिग्मीसारखी बचत होते म्हणे. आमच्याकडे नाही.

आता करायचं कसं ते सांगते. पहिली गोष्ट, सुताराला बोलवायच्या आधी दांडे आणि बटणं आणा. दोघांचा संच तयार मिळतो : दोन दांडे, वीसेक बटणं, वायरी आणि एन्कोडर नावाच्या दोन छोट्या पट्ट्या. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड आहे, तिथं अशा वस्तू पाहून, दाबून घेता येतात. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे आम्ही एका दिवसात जाऊन आलो. घरबसल्याही मागवता येतं. पण हातात आल्यावरच मापं घ्या; कुणाच्या बटणाला 28 मिलिमीटरचं भोक लागतं, कुणाच्या 30. आमच्या मिस्त्रींनी उत्साहानं आधीच फळी कापून ठेवली, तीही अठरा मिलिमीटर जाडीची. त्यात दांडा बसवला तर वर जेमतेम बोटभर आला, मुठीत धरायला काही उरेचना. ती फळी आता देवघराखाली आहे. बाजू अठरा मिलिमीटरच्या असू द्या, पण बटणांची फळी नऊ मिलिमीटरची घ्या आणि तिला खालून पट्ट्यांचा आधार द्या. सनमायकावर भोक पाडताना वर चिकटपट्टी लावून दर्शनी बाजूनंच होल कटर चालवायचा. मागून चालवला तर पुढच्या बाजूचा टवका उडतो.

प्लायवुड पाण्याला टिकणारा, मरीन जातीचा घ्या. इथं समुद्राची हवा, त्यात चार महिने पाऊस. साधा प्लाय फुगून पापडासारखा सुटतो. आणि कपाट दोन भागांत करा, खालचं बैठं खोकं वेगळं आणि वरचं वेगळं. आतल्या खोलीचं दार तीस इंची असतं, हे पुरुषांना काम झाल्यावर आठवतं.

आता उंचीचं. यावरून आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. मिस्त्रींकडे इंटरनेटवरचा परदेशी नकाशा होता, त्यात बटणांची फळी जमिनीपासून चाळीस इंचांवर. हे पाच फूट दहा इंच, त्यांना ते बरोबर वाटलं. मी टेप घेतला आणि कोपरापर्यंत माप काढलं. माझं भरलं सदतीस. सासूबाई चार फूट दहा इंच, त्यांचं छत्तीसच्याही आत. हात सहज टेकायचे तर फळी कोपराच्या जरा खालीच हवी. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, खेळणार कोण? साहेब आणि मुलंच ना?”

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आमचा ओटा छत्तीस इंचांचा आहे. तो बांधला तेव्हा गवंड्यानं सासऱ्यांना विचारून उंची धरली. सासूबाई गेली तीस वर्षं पाटावर उभं राहून कणीक मळतात. तो पाट ओट्याखाली कायमचा ठेवलेला असतो, आणि पाहुणे आले की कुणी ना कुणी त्याला ठेचकाळतं. घरात आजवर सासूबाईंच्या मापानं काही झालं असेल तर ते पोलकं. मी मिस्त्रींना म्हटलं, “चौतीस इंच धरा.” हे म्हणाले, “मला वाकावं लागेल.” मी म्हटलं, “वाका.” सासूबाई आतून काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी मिस्त्रींच्या चहाबरोबर शिरा आला.

विजेच्या कामाला घाबरू नका. बटण म्हणजे दारावरच्या घंटीचंच बटण. दाबलं की दोन वायरी जुळतात आणि एन्कोडर संगणकाला कळवतो, ‘अमुक दाबलं’. त्याला यूएसबीचा पाच व्होल्टचा वीजपुरवठा, म्हणजे मोबाईलच्या चार्जरइतकाच. ते काम मी आणि लेकीनं केलं, आणि मसाल्याच्या बरण्यांना लावतो तशा प्रत्येक वायरीला चिठ्ठ्या लावल्या. मात्र संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा आणि मॉनिटर उघडायच्या भानगडीत पडू नका. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये तर बंद केल्यावरही जबर वीज साठून राहते. आम्ही सपाट पडद्याचा, जवळपास चौकोनी असा जुना मॉनिटर आवरणासकट बसवला. हे जुने खेळ रुंद टीव्हीसाठी केलेले नव्हतेच. तीन पिनांचा अर्थिंग असलेला पॉइंट हवाच. आत ऊब धरते, म्हणून मागे वरच्या बाजूला हवेला भोकं ठेवा आणि त्यांना डासांची जाळी मारा. उबेला पाली येतात. आमच्याकडे जाळी लावायच्या आधीच एक मुक्कामाला आली होती.

खेळ कुठून आणायचे? इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 1997 साली ‘मेम’ नावाची प्रणाली काढली. मेमसाहेबातला मेम नव्हे. जुन्या कपाटांची नक्कल आपल्या संगणकावर चालवणारी ही व्यवस्था आहे आणि ती फुकट आहे. पण प्रणाली फुकट म्हणजे खेळ फुकट नव्हेत, आणि इथं लोक गफलत करतात. ‘पेनड्राइव्हवर दहा हजार खेळ’ अशा जाहिराती दिसतात, ते बहुतेक चोरीचे. हक्क कंपन्यांकडेच आहेत. काही मोजके खेळ मालकांनी स्वतःहून मोफत दिलेत, ते मेमच्या मंडळींकडून रीतसर मिळतात. पॅक-मॅनसारखे विकत मिळतात. ह्यांना अर्थात मुस्तफा हवा होता आणि तो कुणी मोफत दिलेला नाही. “एवढं कोण बघतं?” हे म्हणाले. आठवड्यातून तीन दिवस मी शाळेत दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका असं सांगते. मुस्तफा आमच्याकडे आला नाही. आठवडाभर अबोला होता.

बाजूंना ह्यांना चकचकीत स्टिकर लावायचे होते. पण आपण डहाणूत राहतो! वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ही चित्रं लग्नघरात सवाशिणी काढत आल्या, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आम्ही जवळच्या पाड्यावरच्या एका बाईंना बोलावलं आणि ठरलेली मजुरी दिली. मला चौक हवा होता. त्या म्हणाल्या, तो लग्नाचा, असा कुठेही काढायचा नाही. मग गेरूच्या रंगावर पांढऱ्या रंगानं एका बाजूला तारप्याचा नाच काढला आणि दुसऱ्या बाजूला चिकूची वाडी. पॅक-मॅनचं चित्र दाखवलं तर विचारलं, “याचं तोंड कोणी कापलं?” आणि तोही वाडीतल्या एका झाडाखाली बसवून दिला.

सगळं मिळून खर्च साडेबारा हजार झाला. निम्म्याहून अधिक लाकूडकामाचा. देखभाल फारशी नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवायचं, म्हणजे आत ओल धरत नाही. बटणं कोरड्या फडक्यानं पुसायची. मुलांना हात धुतल्याशिवाय शिवू द्यायचं नाही. फरसाणाचं तेल बटणांत उतरलं की ती चिकटतात.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंचा पॅक-मॅन वळणावर अडकायचा आणि भूत गाठायचं. त्या म्हणत, “माझी चूक नाही, दांडाच अडतोय.” आम्ही हसलो. पण त्यांचं बरोबर निघालं. दांडा आठ दिशांना फिरणारा होता आणि या खेळाला चारच दिशा लागतात. तिरका गेला की गोल थबकतो. दांड्याच्या तळाशी एक चकती असते, ती फिरवून बसवल्यावर तो चार दिशांना बांधला गेला. आता दुपारी जेवणं आवरली की सासूबाई आणि लेक यांचा डाव लागतो. शेजारच्या दोघीही येतात. सासरे झोपाळ्यावरून आकडा विचारतात, स्वतः अजून उभे राहिलेले नाहीत.

लेकीनं पहिल्या दिवशी आजीसाठी सवयीनं पाट आणून ठेवला होता. सासूबाईंनी तो पायानं सरकवून धाकट्याला दिला. मे महिन्यात ओटा फोडायचा ठरलंय. गवंड्याला मी सांगून ठेवलंय, टेप आधी सासूबाईंच्या कोपराला लावायचा.