तुरीच्या शेंगेतील निळे फुलपाखरू

गंगाखेड परिसरात गोदाकाठच्या काळ्या जमिनीत तूर फुलावर आली, म्हणजे तिच्या पिवळ्या फुलोऱ्याभोवती घुटमळणारे एक लहान निळसर फुलपाखरू अभ्यासकाने अवश्य न्याहाळावे. ‘लॅम्पिडिस बोएटिकस’ ही ती जाती होय. लायसेनिडी कुलातील या जातीचे वर्णन लिनियसने १७६७ मध्ये केले. ती मुख्यतः उष्ण प्रदेशांतील असली, तरी स्थलांतर करीत इंग्लंडपर्यंतही पोहोचते.

नराचे पंख वरून जांभळट निळे असतात. मादीत निळा रंग मध्यभागापुरताच राहतो. पंखांच्या फिकट तपकिरी खालच्या बाजूवर नागमोडी पांढऱ्या रेषा असून मागील पंखावर एक रुंद पांढरा पट्टा असतो. त्याच पंखाच्या कोपऱ्यात दोन काळे ठिपके व एक नाजूक शेपटी असते.

मादी कळ्यांवर एकेक अंडे घालते. अळी प्रथम फुले खाते व पुढे शेंगेत शिरून कोवळे दाणे फस्त करते. अळीच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड रस पाझरतो. त्याच्या लोभाने मुंग्या तिच्याभोवती जमतात व शत्रूंपासून तिला काही अंशी संरक्षण मिळते. तुरीप्रमाणेच ताग आणि पळस यांवरही या अळ्या वाढतात; तेव्हा तुरीचा हंगाम संपल्याने जातीचे पोषण थांबत नाही.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. शेंगेला छिद्र दिसताच दोष घाटेअळीला देण्याचा प्रघात आहे. परंतु घाटेअळी लांबट असून पुष्कळदा अर्धे शरीर बाहेर ठेवून दाणे खाते. निळ्या फुलपाखराची अळी आखूड, चपटी व हिरवट असून तिचे डोके शरीराखाली झाकलेले असते. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. घाटेअळीसाठी वापरला जाणारा एच.एन.पी.व्ही. हा विषाणू त्याच वंशातील अळ्यांना मारतो. त्या किडीच्या कामगंध सापळ्यांतही तिचेच नर सापडतात. म्हणून सापळा रिकामा असला, तरी शेंगा सुरक्षित आहेत असे अनुमान काढणे सयुक्तिक नव्हे. आणि अळी न ओळखता फवारलेला विषाणू व्यर्थ जाण्याचा संभव राहतो.

सारांश, शेंग उकलून अळी प्रत्यक्ष पाहणे ही उपाययोजनेची पहिली पायरी होय. फुलोऱ्यावर मुंग्यांची वर्दळ आढळल्यास तेथे विशेष बारकाईने शोध घ्यावा.