लाटेतला निळा उजेड आणि आम्लाची कळ

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर एखाद्या अंधाऱ्या रात्री लाट फुटताना निळी उजळते. ओल्या वाळूत पाय टेकला की टाचेभोवती ठिणग्या उठतात. नोव्हेंबर 2020 मध्ये जुहूला हाच देखावा दिसला आणि मोबाइलवरून घराघरांत पोहोचला. त्याबरोबर काही गैरसमजही पसरले.

गैरसमज: पाण्यात फॉस्फरस असतो.
वस्तुस्थिती: हा उजेड नॉक्टिलुका या एकपेशीय जिवाचा आहे. साबुदाण्याहून लहान, जेमतेम अर्धा-एक मिलिमीटरचा हा पारदर्शक गोळा. त्याच्यातल्या ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, तेव्हा प्रकाश पडतो.

गैरसमज: आम्लाने हा प्रकाश विझतो.
वस्तुस्थिती: आम्ल हीच त्याची कळ आहे. पेशीत आम्लधर्मी द्रवाने भरलेली मोठी पोकळी असते. लाट आपटली की विजेचा संदेश धावतो आणि पोकळीतले हायड्रोजन आयन सिंटिलॉन नावाच्या प्रकाशकणांत शिरतात. तिथला सामू 8 च्या आसपासून 6 कडे घसरतो, ल्युसिफरेज हे विकर कामाला लागतं आणि सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरती निळी चमक उठते. हार्वर्डचे वुडलँड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉक्टिलुकाच्या एका भाईबंदाच्या पेशींतून सिंटिलॉन वेगळे काढले आणि नुसता सामू उतरवून ते चमकवून दाखवले.

चमकणारं पाणी बाटलीत भरून त्यात थोडं व्हिनेगर टाकलं, तर ते न हलवताही उजळतं. मग पेशी मरतात आणि अंधार होतो.

गैरसमज: म्हणजे आम्ल वाढलं की प्रकाश वाढतोच.
वस्तुस्थिती: असा सरसकट नियम नाही. बुबुळावरची जखम पाहायला डोळ्यांचे डॉक्टर फ्लुओरेसीन वापरतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते पोपटी झळाळतं, लिंबू पिळलं की मंदावतं. शिवाय त्याला बाहेरून प्रकाश द्यावा लागतो. नॉक्टिलुका स्वतःचा प्रकाश स्वतः तयार करतो.

गैरसमज: समुद्र चमकला म्हणजे पाणी विषारी झालं.
वस्तुस्थिती: नॉक्टिलुका स्वतः विष बनवतो असं आढळलेलं नाही. मात्र त्याची दाट वाढ झाली तर पाण्यात अमोनिया साठतो, ऑक्सिजन घटतो आणि मासळीला फटका बसतो.

म्हणून असा उजेड दिसला तर बॅटरी बंद करून तो डोळे भरून पाहावा. पण तारीख, वेळ आणि गावाचं नाव टिपून केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राला जरूर कळवावं.