जुन्या पियानोचे वय कसे ओळखावे?

वाडवडिलांपासून घरात असलेल्या उभ्या पियानोचे वय ठरविताना झाकणावरील सोनेरी नावावर विसंबू नये; ते पुष्कळदा कारखानदाराचे नसून विक्रेत्याचे असते. वरचे झाकण उघडून आतील लोखंडी चौकटीवर किंवा लाकडावर अनुक्रमांक शोधावा. बेख्श्टाइन, ब्ल्यूटनर व स्टाइनवे या तिन्ही पेढ्या १८५३ साली स्थापन झाल्या. त्यांच्या क्रमांकांवरून निर्मितीचे वर्ष काढता येते. प्रदर्शनांतील पदकांची चित्रे असल्यास त्यांतील शेवटच्या सालापूर्वीचे ते वाद्य नव्हे, इतके निश्चित. ‘जर्मनीत बनविलेले’ अशी इंग्रजी मोहोर दिसल्यास ते बहुधा १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतरचे समजावे. म्हणून नवा रंग देण्यापूर्वी क्रमांक टिपून ठेवावा. तो पुसला गेला, की वाद्याचा जन्मदाखलाच हरवला!