बावीस वर्षांचा यशवंत घाडगे

पहाटे वारंगा फाट्यावर एस.टी.तून उतरले की रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे दिसतात. भरतीची तयारी! कोणाचा बाप वीटभट्टीवर, कोणाची आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला. त्यांना पाहिले की आम्हांला नाईक यशवंत घाडगे आठवतो.

यशवंत कोकणातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचा. मराठा पलटणीत भरती झाला आणि दुसऱ्या महायुद्धात थेट इटलीत पोहोचला. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. यशवंतच्या तुकडीतले सगळे जवान मेले किंवा जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा. तो मागे फिरला नाही. धावत जाऊन त्याने हातबॉम्ब फेकला, तोफची व मशीनगन दोन्ही गार! मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन भरायला वेळ कुठला? नळीकडून बंदूक धरून त्याने उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. तेवढ्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत व पाठीत घुसल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्याने प्राण सोडला. वय अवघे 22.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या तरुण पत्नीने स्वीकारला. ज्या वयात सासरी नीट रुळायचे, त्या वयात त्या माउलीच्या हाती पदक आले! त्याची कबर नाही, समाधी नाही; कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, मराठा पलटणीचे केंद्र बेळगावचे. त्याच बेळगावात 1 ऑक्टोबर 1941 रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. सुभेदार रामजींचे पुत्र बाबासाहेब त्यासाठी सरकारशी झगडले होते. कारण 1892 च्या सुमारास आमच्या माणसांची भरतीच इंग्रजांनी बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून 111 वी महार पलटण काढली आणि 1921 साली मोडून टाकली. कोरेगावच्या स्तंभावर नावे कोरलेल्यांच्या नातवंडांना 'तुम्ही लढवय्ये नाही' असे सांगितले गेले! यशवंतसारखी छाती किती पोरांकडे असेल, पण त्यांना दारातच अडवले. म्हणून पहाटे पळणाऱ्या पोरांचे आम्हांला अप्रूप वाटते, आणि त्यांच्या आयांची काळजीही वाटते.

इटलीतल्या मोंटोने गावात 2023 साली यशवंतच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले. सगळे एकाच सूर्याखाली आहेत, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. आपल्याकडे माणगावात त्याचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात गेलात, तर मुलांना घेऊन तिथे जरूर उतरा.